३८ हजारांची यूएसबी केबल आणि देवगडची खारी हवा

देवगडहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं आहे. मुंबईची नोकरी आटोपून ते गावच्या घरी आले आणि माडीवरची बारा बाय दहाची खोली त्यांनी गाणं ऐकण्यासाठी राखून ठेवली. लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला डॅक (म्हणजे आकड्यांतून पुन्हा आवाजाची लहर घडवणारा डबा), अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर एवढा संसार. गाणी बहुतेक स्ट्रीमिंगवरून, थोड्या जुन्या सीडी. मुंबईतल्या एका दुकानाने त्यांना तीन वस्तू सुचवल्या: ३८ हजारांची यूएसबी केबल, ६५ हजारांचा 'ऑडिओफाइल' (म्हणजे खास शौकिनांसाठीचा) नेटवर्क स्विच, म्हणजे इंटरनेटच्या वायरी जोडायचा डबा, आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी ९ हजारांचा फ्यूज. ते लिहितात, "दुकानात ऐकलं तेव्हा तानपुरा जास्त मोकळा वाटला, हे मी शपथेवर सांगेन. मुलगा इंजिनीअर आहे, तो हसतो. कोणाचं खरं?"

घेऊ नका. तिन्हीपैकी एकही नको. आता सविस्तर सांगतो, आणि तुमच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुम्हाला फरक जाणवला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मलाही एकदा जाणवला होता.

मी कुडाळात ३१ वर्षं ध्वनियंत्रणेचं काम करतोय. रात्री दशावतार, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), गणपतीतले कार्यक्रम; दिवसा दुकानात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची दुरुस्ती. धंद्यात आठ-दहा वर्षं काढल्यावरची गोष्ट आहे, म्हणजे मी नवशिका नव्हतो. एका देवळासमोर डबलबारी रंगली होती. पखवाजी मला हाताने खुणावत होता की कणकेची बाजू ऐकू येत नाही. मी मिक्सरवर त्याच्या चॅनेलचा खालचा सूर वाढवला, मधला थोडा कापला. पखवाज भरला. पखवाज्याने मान डोलावली, बुवांनी हात वर केला, आणि मला तर छातीत ठोका जाणवला. गजर संपल्यावर माझ्या हाताखालचा पोरगा कानाशी येऊन म्हणाला, "दादानू, ता बटान बंदच आसा." त्या चॅनेलचा इक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा भाग) चालू करायचं बटण दाबलेलंच नव्हतं. मी जे फिरवत होतो त्याचा आवाजाशी काडीचा संबंध नव्हता. तिघांनी बदल ऐकला आणि बदल झालाच नव्हता. तुमच्या भागातल्या कुठल्याही साउंडवाल्याला खाजगीत विचारा. दहा-पंधरा वर्षं मिक्सरवर बसलेला असेल आणि खरं बोलणारा असेल, तर असा एखादा किस्सा त्याच्याकडेही निघेल.

दुकानात काय होतं? पहिल्यांदा तुम्ही बंदिश ऐकता. मग दुकानदार केबल बदलतो आणि म्हणतो, "आता तानपुऱ्याकडे लक्ष द्या." तुम्ही देता. तेच रेकॉर्डिंग, पण या वेळी मन तानपुऱ्याच्या जव्हारीवर बसलेलं. तो मोकळा वाटणारच, कारण पहिल्या खेपेला तुम्ही त्याला ऐकलंच नव्हतं. आणि दुसऱ्या खेपेला आवाज पाव-अर्धा डेसिबेल जरी वर गेला असेल, तर तो 'मोठा' असा कळत नाही, 'भरदार' असा कळतो. मुद्दाम केलं असेलच असं नाही. केबल बदलताना नॉब जरा हलला तरी पुरतं.

आता आकड्यांकडे. सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं माप, प्रत्येक माप १६ बिटांचं, डावं-उजवं मिळून दोन. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिटं होतात. केबलमधून जातात ती ही शून्यं आणि एक. त्यात तानपुरा नाही, कंठ नाही, तबला नाही. आपल्याकडे चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी यायच्या त्या आठवा. पाचशेची मनीऑर्डर पोस्टमन चिखलातून चालत घेऊन आला काय किंवा होडीतून खाडी पार करून आला काय, हातात पडायचे पाचशेच. हां, ती कधी पोचायचीच नाही, किंवा चार दिवस उशिरा पोचायची. पण पोस्टमनने नवी सायकल घेतली म्हणून पाचशेच्या नोटा जास्त करकरीत झाल्या, असं कधी झालं नाही.

विकणाऱ्याच्या भाषेतला खरा घोळ इथे आहे. समजा केबल खराब आहे आणि काही बिटं चुकली. चुकलेल्या बिटाला माहीत नसतं की आपण खर्जाचे आहोत की तारसप्तकाचे. एखाद्या मापातलं सगळ्यात मोठं बिट उलटलं तर स्पीकरमधून टकन आवाज येईल, सगळ्यात बारकं उलटलं तर काहीच कळणार नाही. म्हणजे खराब डिजिटल केबलची लक्षणं ठरलेली आहेत: टकटक, चिरचिर, मध्येच तुटणं, नाहीतर डॅक ओळखलाच न जाणं. 'बास सैल होतो', 'स्वरांभोवती हवा कमी होते', 'मंच अरुंद होतो' असं व्हायला चुकलेल्या बिटांनी आपापसांत ठरवून, फक्त बासच्या मापांत, तेही नेमक्या प्रमाणात चुकावं लागेल.

नेटवर्क स्विचचा दावा तर याहून विचित्र आहे. तुमच्या घरी गाणं येतं ते कुठल्यातरी डेटा सेंटरमधून, समुद्राखालून किंवा महामार्गाच्या कडेच्या फायबरमधून, मग गावातल्या केबलवाल्याने विजेच्या खांबाला नि नारळाच्या झाडाला गुंडाळलेल्या काळ्या वायरीतून. ते येतं पाकिटापाकिटांनी. प्रत्येक पाकिटाबरोबर पडताळणीचा आकडा असतो. इथरनेटमध्ये तो ३२ बिटांचा. जुळला नाही तर ते पाकीट फेकून दिलं जातं. वरच्या पातळीवर पोचपावतीची सोय असते. पावती आली नाही की पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. मग ही पाकिटं तुमच्या लॅपटॉपच्या मेमरीत साठतात आणि तिथून सावकाश वाजतात.

पैसे न लागणारा एक प्रयोग आज रात्री करा. गाणं लावा, एक मिनिट जाऊ द्या, आणि राउटरची वायर सरळ उपसून टाका. वायफाय असेल तर बंद करा. गाणं चालूच राहील: कधी दहा सेकंद, कधी मिनिटभर, कधी अख्खं गाणं. आता डोळे मिटून ऐका. वायर होती तेव्हाचा आवाज आणि नाही तेव्हाचा आवाज यांत फरक सापडतोय का? ६५ हजारांचा स्विच त्या वायरीवर बसणार आहे, जी आत्ता तुमच्या हातात लोंबकळते आहे. पंप आणि टाकीची गोष्ट आहे ही. विहिरीवरचा पंप धक्के देत, थांबत, खोकत पाणी चढवतो. खाली न्हाणीघरातल्या नळाची धार टाकी किती उंच आहे त्यावर ठरते. पंपाला चांदीचा पाइप लावून नळाची धार सरळ होत नाही.

यूएसबीबद्दल मात्र प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण दुकानदार ती नक्की काढेल. संगणकाकडून डॅककडे यूएसबीने गाणं जातं तेव्हा चूक शोधण्याची सोय असते, पण पुन्हा पाठवण्याची नसते. वेळेत पोचणं महत्त्वाचं म्हणून. हे खरं आहे. पण सुस्थितीतल्या साध्या केबलवर अशी चूक होणं फार विरळा, आणि झाली तर ती वर सांगितल्याप्रमाणे टकन वाजते. यूएसबी २ ची केबल पाच मीटरच्या आत ठेवा, प्लग सैल नसावा. संपलं. डॅकसोबत डब्यात जी केबल आली, तीच बहुधा पुरते. माझ्या बाकावर प्रिंटरची केबल आहे. तिने मी डॅक तपासतो.

मग येतो जिटर. डिजिटल सामान विकताना हा शब्द उदबत्तीसारखा ओवाळला जातो. आकडे बरोबर पोचले तरी ते वाजवण्याची वेळ थरथरली तर आवाज बिघडतो, हे तत्त्व म्हणून योग्य आहे. प्रश्न आहे किती थरथरली तर. १९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन या दोन अभ्यासकांनी याच्या ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. संगीत वाजत असताना सुमारे २० नॅनोसेकंदांच्या खालचा जिटर ऐकणाऱ्यांना ओळखता आला नाही. आजच्या साध्या डॅकचा जिटर एका नॅनोसेकंदाच्याही आत असतो. शिवाय आताचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात, म्हणजे ठेका डॅकच्या स्वतःच्या स्फटिकाचा असतो आणि संगणकाला तोच सांगतो, "आता थोडं पाठव, आता थांब." भजनात टाळ धरणाऱ्याने तालाचं बघायचं असतं, पेटी कुठल्या गाडीतून आली याचा त्याला काय फरक पडतो?

सीडीवरही असलंच पीक येऊन गेलं. १९९० च्या आसपास चकतीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवला की आवाज सुधारतो, अशी टूम परदेशात निघाली होती. हिरवी शाई लेसरचा भटका प्रकाश शोषते म्हणे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. आपल्या डोळ्याला हिरवं दिसणारं त्या प्रकाशाला कसं दिसेल, याचा कोणी विचारच केला नव्हता. वास्तविक १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हाच तिच्यात चूक दुरुस्तीची भक्कम सोय होती, रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर बेतलेली. चकतीवर अडीच मिलिमीटरचा ओरखडा पडून सलग चारेक हजार बिटं गेली तरी ती नेमकी परत उभी करता येतात. तुमच्या सीडी अडखळत असतील तर प्लेअरच्या भिंगावर दमट हवेची साय धरली असेल. कापसाचा बोळा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलका हात.

फ्यूजबद्दल फार लिहीत नाही. त्याच्यावर बाण छापलेला असतो, 'प्रवाहाची दिशा' म्हणून. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते, म्हणजे दिशा शंभर वेळा उलटते. बाण कुठल्या बाजूला दाखवायचा ते तुम्हीच ठरवा. गंमत सोडा, फ्यूज हा घर जळू नये म्हणून असतो आणि त्याच्यावर छापलेला अँपिअरचा आकडा भरवशाचा असावा लागतो. तिथे प्रयोग नकोत.

आता दुकानदाराच्या बाजूने जे अर्धसत्य आहे, ते सांगतो, कारण याच अर्धसत्यावर त्यांचं सगळं दुकान उभं आहे. यूएसबी केबलमधून फक्त बिटं जात नाहीत. पाच व्होल्ट आणि ग्राउंडही जातं. लॅपटॉपच्या चार्जरचा, डिस्कचा, स्क्रीनचा गोंगाट त्या ग्राउंडवरून डॅकच्या अ‍ॅनालॉग (म्हणजे लहरीच्या) बाजूला शिरू शकतो. तो ऐकूही येतो: माउस हलवला की बारीक चिर्रर्र, किंवा सतत घूंऽऽ. ही खरी तक्रार आहे आणि मी ती महिन्याला एकदा तरी बघतो. पण ती ओळखायला अत्तराच्या जाहिरातीतली भाषा लागत नाही. गाणं थांबवा, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा, स्पीकरला कान लावा. काही ऐकू येत नसेल तर तुम्हाला हा रोगच नाही. येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला? मग रोग चार्जरच्या वाटेने येतोय. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि तुमच्या यंत्राला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर पाचशे रुपयांच्या आतली प्लास्टिक फायबर लावा. काचेतून-प्लास्टिकमधून प्रकाश जातो, गोंगाटाची वीज जात नाही. नाहीतर ही गोंगाटाची वीज अडवणारा यूएसबी आयसोलेटर मिळतो, दोन-चार हजारांत.

वेंगुर्ल्याला एका डॉक्टरांकडे अशीच घूं होती. त्यांनी आधी ४५ हजारांचा पॉवर कंडिशनर (वीज 'साफ' करणारा डबा) आणला, मग जाडजूड पॉवर केबल. घूं जशीच्या तशी. मी गेलो आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधून छतावरच्या डिशची वायर काढली. घूं थांबली. डिशचा खांब गच्चीवरच्या सळईला टेकला होता, अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग दुसऱ्या टोकाला, आणि दोन अर्थिंगमधला फरक स्पीकरमधून पन्नास हर्ट्झने गात होता. तोडगा: टीव्ही ऑप्टिकलने जोडला. कंडिशनर अजून त्यांच्याकडे आहे, वर सत्यनारायणाचा फोटो ठेवलाय.

तुमच्या पत्रात 'काळीशार पार्श्वभूमी' (म्हणजे सुरांमागची पूर्ण शांतता) असा शब्द आलाय, हा पण दुकानदाराचाच असणार. तुम्ही ऐकता त्या १९६०-७० च्या मैफली चुंबकीय फितीवर घेतलेल्या. त्या फितीची स्वतःची सळसळ असते. सगळ्यात मोठा आवाज आणि ती सळसळ यांत साधारण ६० ते ७० डेसिबेलचं अंतर. १६ बिटांची सीडी ९६ देते. म्हणजे भांडं आधीच दुधापेक्षा मोठं आहे. आणि तुमची खोली? खिडकीतून समुद्राची गाज, माडांची सळसळ, मृग लागला की रातकिडे आणि बेडूक, आणि कौलांवर पाऊस कोसळायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यात स्विच बदलून पार्श्वभूमी काळीशार करायची!

तरी विकत घेण्याचा मोह होत असेल, तर परीक्षा घ्या. मात्र नीट. दुकानातून वस्तू परत करण्याच्या बोलीवर आणा. मुलगा हसतोय ना, त्यालाच कामाला लावा. तुम्ही पाठ करून बसा. त्याने पडद्याआड नाणं उडवून छाप असेल तर महाग केबल, काटा असेल तर साधी केबल लावायची, कागदावर टिपायचं आणि बोलायचं नाही. दर वेळी केबल काढून पुन्हा घालायची, तीच ठेवायची असली तरी, नाहीतर खुडबुडीवरून कळतं. आवाजाचा नॉब कोणीही हलवायचा नाही. सोळा वेळा. तुम्ही फक्त 'महाग' किंवा 'साधी' एवढंच लिहायचं. सोळापैकी आठ बरोबर आले तर ते नाण्याचंच काम. बारा किंवा जास्त आले तर मात्र मी कान टवकारीन, कारण निव्वळ तुक्क्याने तेवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. आणि तसं झालं तर मला फोन करा, मी गाडी काढून येतो, कारण मग कुठलीतरी एक केबल बिघडलेली आहे.

अशा परीक्षा जगात बऱ्याच झाल्या आहेत. जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने २००७ मध्ये सव्वासात हजार डॉलरच्या स्पीकर वायरी साध्या वायरींपासून ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या, असं आव्हान दिलं. ती चाचणी शेवटपर्यंत गेली नाही आणि पैसे जिथल्या तिथे राहिले. त्याच वर्षी बॉस्टनच्या मेयर आणि मोरॅन यांनी हाय-रेझोल्यूशन रेकॉर्डिंग आणि तेच रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जावरून नेलेलं, यांत फरक कळतो का ते ५५४ वेळा तपासलं. बरोबर उत्तरं २७६, म्हणजे ४९.८ टक्के. उलट बाजूही सांगतो: २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा ५२.३ टक्के आले. तुक्क्यापेक्षा किंचित वर, आणि एवढ्या मोठ्या संख्येत तो किंचितही खरा धरावा लागतो. मी तो धरतो. म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा दर्जाच बदलला तरी फरक इतका पुसट. आणि जिथे एकही बिट बदलत नाही तिथे तुम्हाला 'रात्र आणि दिवसाचा' फरक विकला जातोय.

एक डाव लक्षात ठेवा. 'केबल दोनशे तास वाजल्याशिवाय खुलत नाही' असं सांगतात. तुम्ही रोज दोन तास ऐकलं तर शंभर दिवस. वस्तू परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे, ते पावतीवर बघा.

बरं, १ लाख १२ हजार तुम्ही खर्च करायला निघालाच आहात, तर ते कुठे लागतील ते सांगतो. हा माझा आवडता विषय आहे.

पहिली खोली. तुमची खोली बारा बाय दहा, भिंती चिऱ्याच्या पण आतून सिमेंटचा गिलावा, खाली लादी. मधोमध उभे राहून जोरात टाळी वाजवा. झिंग् असा बारीक खणखणाट ऐकू येईल. तो दोन समोरासमोरच्या भिंतींत चेंडूसारखा फिरणारा आवाज आहे. आता खालच्या सुरांचं गणित. आपल्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धावतो. बारा फुटांच्या लांबीत तो ४८ हर्ट्झला घुमतो, दहा फुटांच्या रुंदीत ५७ ला, आणि दोन्ही दिशा मिळून ७४-७५ ला. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार असते सुमारे ७३ हर्ट्झची. कळलं? तानपुरा मोकळा वाटतो की कोंडलेला, हे तुम्ही खोलीत कुठे बसलाय यावर ठरतं. अशा खोल्यांत २०० हर्ट्झच्या खाली दहा-दहा डेसिबेलचे चढउतार सर्रास असतात. केबलवाल्यांचा फरक मोजायला यंत्र लागतं आणि तरी सापडत नाही. हा फरक तुम्ही खुर्ची दोन फूट सरकवली की ऐकू येतो.

खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली असेल तर आधी पुढे घ्या, भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास बसून बघा. स्पीकर कोपऱ्यातून काढा. मग रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे) चार-पाच चौकटी फलक करून घ्या, चार इंच जाडीचे, सुती कापड चढवलेले. गावातला सुतार करील. दोन बाजूच्या भिंतींवर, तुम्ही बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल त्या जागी, एक मागे, उरलेले कोपऱ्यांत. भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच हवा खेळती ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत मागून बुरशी धरते. जुन्या कापसाच्या गाद्या लावण्याचा सल्ला पुण्यातले लोक देतात, त्यांच्याकडे चालतं. आपल्याकडे त्यात वास बसतो आणि मग उंदीर. दहा हजारांच्या आतबाहेर मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन येतो आणि खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मुलगा इंजिनीअर आहे, दोन रविवारांत शिकेल.

दुसरी, आपली हवा. तुमचं घर खाडीच्या बाजूला की टेकडीवर ते लिहिलेलं नाही, पण देवगडात खारं वारं कुठेही गाठतंच. माझ्या बाकावर येणाऱ्या 'आवाज डल झालाय' या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ असतं हिरवा पडलेला आरसीए प्लग, काळी पडलेली स्पीकर वायर किंवा किरकिरणारा व्हॉल्यूम नॉब. हा फरक खरा असतो, कारण ही बाजू अ‍ॅनालॉग आहे. इथे सांध्यातला गंज थेट आवाजात येतो. वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीला, सगळे प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. स्पीकर वायरची टोकं इंचभर कापून नवं तांबं उघडं करा. स्पीकरच्या कडेला फोमची गोल पट्टी असेल तर ती दमट हवेत भुगा होते, पुढच्या वेळी रबरी कडेचेच घ्या. अ‍ॅम्प्लिफायर कपाटात असेल तर पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात लावतो तसा पंधरा वॅटचा बल्ब तिथे लावा, आणि वाजवत नसलात तरी रोज तासभर सुरू ठेवा. पाली आणि मुंग्यांसाठी मागच्या फटींना बारीक जाळी. हसू नका. गेल्या पावसाळ्यात मी एका चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या रिलेमधून वाटीभर मुंग्या काढल्या. उबेला येतात.

तिसरी, वीज. तुम्हाला पॉवर केबल कोणी अजून विकली नाही, पण येतील. शेकडो किलोमीटर उघड्या तारांवरून, गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून, आंब्याच्या फांद्या घासत आलेल्या विजेचं शेवटच्या दीड मीटरने काही भलं होत नाही. भलं होतं ते चांगल्या अर्थिंगने, योग्य सर्ज प्रोटेक्टरने आणि व्होल्टेज १८० ते २६० मध्ये नाचत असेल तर धड स्टॅबिलायझरने. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर उत्तरेकडच्या गावांतून माझ्याकडे जे डबे आले, त्यांतले कितीतरी वादळाने नव्हे, तर भाड्याच्या जनरेटरच्या उसळत्या व्होल्टेजने मेले होते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढा, आणि राउटरची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही शिरते.

अर्थिंगचं खास सांगतो, कारण जांभ्यात ते फसवं असतं. खाली कातळ, वर हातभर माती. पावसाळ्यात ओल असते तेव्हा मोजलं की आकडा छान येतो, आणि मे महिन्यात तोच खड्डा सुकून खडखडीत होतो. तुमच्या घराचं अर्थिंग मोजून घ्या, आणि तेही आत्ता, आंब्याचा हंगाम संपता संपता, जमीन सगळ्यात कोरडी असताना. पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. वीस-तीस आलं तर नवा खड्डा मारून घ्या, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाटाजवळ, जिथे बारमाही ओल राहते तिथे. मीठ-कोळसा घालणारा जुना वायरमन असेल तर मीठ घालू देऊ नका, जीआयचा पाइप चार वर्षांत खाऊन टाकतं. आता त्यासाठी वेगळी पावडर मिळते. काम एका दिवसाचं आहे, पण पाऊस सुरू झाला की कातळ फोडणारा माणूस गणपतीपर्यंत हाती लागत नाही.